कोहळ्याच्या मुळावर

तो माणूस वेलांना अहोजाहो करायचा आणि माणसांना अरेतुरे. "तुमाले पाणी पुरलं का?" असं तो काकडीच्या वेलाला विचारी, आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभ्या असलेल्या पाटलाला म्हणे, "सरक रे, सावली पडून राह्यली तुही." पाटील हसे, पण सरकत असे.

समोर मी त्याला आबाजी म्हणत होते. इथे 'तो' म्हणणार आहे. ही वही त्याची होती. पुढची पानं मीच त्याच्यासाठी भरली आणि मागची कोरी राहिली. आता ती माझ्या पेटीत असते. घरात कोणी नसलं की मी काढते आणि कोऱ्या पानांवर हे लिहिते.

आमच्या गावाहून मंगरूळ तीन कोसांवर. आमच्याच गावाच्या उताराला नाल्याकाठी त्याची बाग होती, एक विहीर आणि एक गवताची खोपडी. बायको मरून गेलेली, मूल नाही. गावातल्या घरात पुतण्या राहायचा, हा बागेतच. तरुणपणी कुठल्याशा सरकारी बागेत आंब्याची कलमं बांधायला होता म्हणे. तिथून येताना त्याने एक वस्तरा आणि एक जुना कोट आणला. कोट तो उघड्या अंगावरच घाले, उन्हाळ्यातसुद्धा. खिशात वस्तरा, केळीच्या सोपटाच्या दोऱ्या आणि बाभळीचे काटे. गाव त्याला पाठीमागे कलम्या म्हणायचं. पुढे पुढे तोंडावरही म्हणू लागलं आणि त्याला ते आवडायचं.

मी त्याच्याकडे कशी गेले ते सांगायला पाहिजे. मला माणसांत बोलता येत नाही. चार माणसं बसली की माझी जीभ टाळूला चिकटते. सासरी त्यांनी दोन वर्षं वाट पाहिली आणि मग, ही मुकी आहे, असं सांगून मला दादाच्या दारात आणून सोडलं. नवऱ्याने दुसरी केली. वहिनी वाईट नव्हती. फक्त मी जेवायला बसले की तिला माझ्यासाठी काहीतरी काम आठवायचं. वडील होते तेव्हा मी चौथी पास झाले होते. तेवढीच एक गोष्ट माझ्याजवळ होती, आणि घरात तिचा काही उपयोग नव्हता.

एक दिवस तो दारात आला आणि दादाला म्हणाला, "तुह्या बहिणीले लिवता-वाचता येते म्हणते?"

"येते," दादा म्हणाला, "पण बोलता येत नाई."

"मले कीर्तन कराले नाई पाह्यजे. धाडजो उद्या."

दुसऱ्या दिवशी त्याने शेतकी खात्याचं एक छापील पत्रक माझ्या हातात दिलं. "वाच." मी वाचलं. "मोठ्यानं वाच." ते मला जमेना. डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा तो माझ्यासमोर उकिडवा बसला, त्याने मान वाकडी केली आणि कान माझ्या तोंडाजवळ आणला. "आता वाच." मी वाचलं. पूर्ण पत्रक तो तसाच, मान वाकडी करून ऐकत बसला. शेवटी उठून मान चोळत म्हणाला, "आवाज बारीक आहे, पण सरळ आहे."

माझं बोलणं ऐकायला कोणी कान जवळ आणावा, हे त्याआधी कधी झालं नव्हतं. नंतरही झालं नाही. चांगलं तेवढं आधी लिहून टाकलेलं बरं, म्हणून लिहिलं.

त्याच्या काकडीला मर लागायची. वेल फुलावर यायचा आणि एक दिवस भर उन्हात मान टाकायचा. उपटून पाहावं तर मूळ तपकिरी, सडलेलं. दोन उन्हाळे असेच गेले. त्याच मातीत, उकिरड्याच्या कडेला एक कोहळं आपोआप उगवलेलं होतं, लाल भोपळ्याला आमच्याकडे कोहळं म्हणतात ते. त्या वेलाला कोणी पाणी दिलं नाही की खत दिलं नाही, तरी तो खोपडीवर चढला आणि पलीकडे उतरला. तो त्या वेलाकडे आठ दिवस बघत बसला होता म्हणतात. मग म्हणाला, "काकडीचे पाय कच्चे, कोहळ्याचे पक्के. तिले याईच्या पायावर उभं करतो."

गावाला हसायला मिळालं. विहिरीवर पाणी प्यायला येणारे मुद्दाम विचारायचे, "काय रे कलम्या, काकडीच्या जागी कोहळं लागलं त भाजी कराव का कोशिंबीर?"

तो वस्तऱ्यावरची नजर न उचलता म्हणे, "तुह्या घरी लेकरू झालं ते तुह्यावानी आहे का शेजाऱ्यावानी, ते पाह्य आधी."

ते हसत निघून जायचे. मी द्रोण शिवत बसलेली असे. मलाही हसू यायचं, ते मी पदरात घालवायची.

द्रोण म्हणजे पळसाच्या पानांचे, जेवणावळीत असतात तसेच, पण खोल. त्यात मी नाल्याची रेती, कुजलेला पाला आणि दोन वर्षं जुनं शेणखत चाळून भरायची. कोहळं वाढवायचं काम माझं. बी कोमट पाण्यात भिजवायचं, फडक्यात बांधून चुलीजवळच्या उबेला ठेवायचं, तोंड फुटलं की आडवं लावायचं. रोप वर आलं की त्याची दोन जाड पानं उघडतात, त्या दोघांच्या मधला शेंडा नखाने खुडायचा. मग पानांच्या खाली देठात वरून खाली एक चीर. काकडीच्या रोपाच्या देठात खालून वर एक चीर. दोन्ही रोपं एका द्रोणात शेजारी, एकीची जीभ दुसरीत अडकवायची, वरून सोपटाची दोरी आणि एक काटा. नंतर सावलीत ठेवून ओलं तरट झाकायचं. गाव म्हणायचं, कलम्या अंतरपाट धरून भाज्यांची लग्नं लावतो. त्यालाही लग्न हाच शब्द होता. कोहळ्याला तो सासर म्हणायचा. जोड बांधला की तेराव्या दिवशी काकडीचं स्वतःचं मूळ, जोडाच्या खाली, कापून टाकायचं. त्याला तो पाठवणी म्हणायचा. पाठवणी झाली की काकडी कोहळ्याच्या मुळावर जगायची.

पहिल्या पाठवणीला त्याच्या लक्षात आलं की मी द्रोण हातात धरून उभी आहे आणि पुढे करत नाही. वस्तरा तसाच धरून तो म्हणाला, "तुह्यं कलम चुकीच्या वक्ती बांधलं होतं त्याईनं. रोपाचा दोस नसते."

सासरहून आल्यापासून दोष माझा नाही असं कोणी म्हटलं नव्हतं. मी द्रोण पुढे केला.

पण त्या पहिल्या वर्षी एकही जोड जगला नाही. काकडी आणि कोहळं आम्ही एकाच दिवशी पेरलं होतं. कोहळं धटिंगण, चार दिवसांत करंगळीएवढं झालं. काकडी सुतासारखी. चीर दिली की कोहळ्याचा देठ आतून पोकळ निघायचा, त्याला काय चिकटणार? तो वेलांवरच रागावला. "तुमाले लाज नाई वाटत?" असं कोहळ्यांना म्हणाला. मी वही चाळली. कोणतं बी कधी उगवलं हे मी रोज लिहीत होते. तीन कोहळी उशिरा उगवली होती आणि त्या तिघांचे जोड सगळ्यांत जास्त दिवस टिकले होते. मी त्याच्या कोटाची बाही ओढली. त्याने सवयीने कान खाली आणला.

"काकडी आधी पेरा," मी म्हटलं. "कोहळं चार दिवसांनी."

तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, "मास्तरीण!" तेव्हापासून मी मास्तरीण झाले. संध्याकाळी पाटील आला तेव्हा तो त्याला सांगत होता, "रातभर विचार करत होतो, मंग माह्या ध्यानात आलं, काकडी आधी लावाव." मला त्याचं काही वाटलं नाही. उलट आनंद झाला, की माझं बोलणं कोणाच्या तोंडून का होईना, मोठ्याने बाहेर पडलं.

दुसऱ्या वर्षी निम्मे जगले. त्या काकड्या मी अजून विसरले नाही. आमच्याकडे काकडी खाण्याआधी शेंडा कापून त्यावर घासतात, फेस काढतात, म्हणजे कडूपणा जातो. तो असं कोणी केलं की हातातून काकडी ओढून घ्यायचा. "माही काकडी आहे ते! तिच्यात कडू नसते!" आणि खरंच नसायचं.

असल्या सगळ्या समजुतींशी त्याचं वैर होतं. कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवू नये, ते कुजतं, म्हणून आपण बोट दुमडून दाखवतो. तो रोज सकाळी वाफ्यावाफ्यातून हिंडे आणि बोटाएवढ्या काकड्या सरळ बोट दाखवून मोजे. मोठ्याने मोजे, धुऱ्यावरून जाणाऱ्या बायकांना ऐकू जावं म्हणून. बायका तोंड फिरवायच्या. "पाह्य, पाह्य," तो ओरडायचा, "कुजली का? उद्या येऊन पाहजा!"

त्याचं एक गुपित मला माहीत होतं. त्याला वाचता येत नव्हतं. गावाला वाटायचं येतं, कारण तो शेतकीची पत्रकं खिशात ठेवी आणि चावडीवर बसला की एखादं काढून बघत बसे. मला म्हणायचा, डोये दुखते म्हणून तुले वाचाले लावतो. एकदा शेतकीच्या साहेबांचं कार्ड आलं. पाटील समोर होता. त्याने कार्ड हातात धरलं, खालपासून वरपर्यंत नजर फिरवली, मान हलवली, "बरं, बरं," म्हणाला. कार्ड उलटं होतं. मी पुढे झाले, ते त्याच्या हातातून घेतलं आणि सरळ करून पदराने पुसलं, जणू त्यावर माती लागली होती. पाटलाला कळलं नाही. त्याला कळलं की मला कळलं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही, आणि मी ते कोणालाही सांगितलं नाही. आज हे पहिल्यांदा लिहिते आहे.

माझंही एक गुपित त्याच्याजवळ होतं. पहिल्या महिन्यात मी चार दिवस बागेत गेले नाही. बाहेरची बाई वेलात गेली तर वेल जळतो, हे कोणाला माहीत नाही? पाचव्या दिवशी त्याने विचारलं, "चार दिवस कुठी मेली होती?" मी खाली बघितलं. तो समजला. थोडा वेळ खोकत राहिला, मग म्हणाला, "वेलाले नाक नाई, डोये नाई. त्याले काय समजते? येत जाय. कोनाले सांगू नको, बस."

मी गेले. पुढच्या महिन्यात कोहळ्याच्या रोपाला हात लावताना डोळे मिटून घेतले होते. काही झालं नाही. रोप तसंच वाढलं. घरी वाटायचं की त्या दिवसांत मी त्याच्या पलीकडच्या वावरात निंदायला जाते. दोन वर्षं मी दर महिन्याला त्या वेलांना हात लावला आणि एकही वेल जळला नाही. यामुळे मला काय झालं ते नीट लिहिता येणार नाही. घरी गोठ्याजवळ वेगळं पोतं टाकून बसावं लागे, ताटलीत वरून वाढत. पण मला माहीत असायचं की सकाळी याच हातांनी मी चाळीस रोपांचे शेंडे खुडले आहेत आणि ती उभी आहेत.

तिसऱ्या वर्षी, लढाई सुरू व्हायच्या आधीचा माघ होता तो, साहेबांनी कळवलं की दौऱ्यावर येतो तेव्हा तुमचं कलम बघतो. त्याला झोप येईना. साहेबाने वर लिहून पाठवावं की वऱ्हाडात हे पहिल्यांदा अमुक माणसाने केलं, एवढंच त्याला पाहिजे होतं. इतकी वर्षं हसलेल्या गावासमोर ते पाहिजे होतं. एका सकाळी द्रोणांना पाणी देता देता तो म्हणाला, "मास्तरीण, साहेब येऊन गेले का इहिरीजवळचे दोन वाफे तुह्या नावानं करतो. कागद करून देतो, तू जितली तोवर. खोपडी बांधून घेजो अठीच. कोनाच्या दारात रायचं काम नाई."

मी पाणी देत राहिले. दोन द्रोणांत जास्त पडलं. त्या रात्रीपासून मी मनात खोपडी बांधायला लागले. दार विहिरीकडे ठेवलं. चूल कुठे, ते ठरवलं.

चाळीस जोड बांधले. बांधायच्या दिवसांत मी नेमकी बाहेरची होते. मी त्याला खुणेने सांगितलं की नको. तो चिडला, "हात तुहे चांगले आहेत, मंग काय पाटलाले बोलावू बांधाले?" मी बांधले. चाळीसच्या चाळीस धरले. आठ दिवस एकाही पानाने मान टाकली नाही. वहीत तसं लिहिलेलं आहे.

आठव्या दिवशी सकाळी कोतवाल निरोप घेऊन आला. साहेबांचा दौरा बदलला, पुढच्या सोमवारऐवजी आजच दुपारी येणार.

त्याने कोटाच्या खिशातून वस्तरा काढला.

"मूळ कापाव लागते," तो म्हणाला. "नाई त साहेब म्हणन का दोन रोपं संगं बांधून ठेवले, त्याच्यात काय कलम?"

मी बाही ओढली. त्याने कान आणला. "अजून चार-पाच दिवस आहेत, आबाजी," मी म्हटलं. "जोड कच्चा आहे. आज कापू नका. साहेबांना तसंच सांगा."

त्याने कान मागे घेतला. "तुले वाचता येते म्हून मले शिकवशीन का आता?"

आणि तो कापत सुटला. मी दोन द्रोण मागे, खोपडीच्या भिंतीशी पडलेल्या दुसऱ्या तरटाखाली सरकवले. अडतीस त्याने कापले. मी विहिरीच्या काठावर बसून वही काढली आणि जे झालं ते लिहिलं. मग वही पदराखाली धरून उभी राहिले.

दोन तासांत पानं मऊ पडली. पाणी शिंपडलं, तरट ओलं केलं, काही होईना. दुपारी पाटलाच्या बैलांच्या दमणीतून साहेब उतरले. तिशीतला माणूस, छत्री घेतलेला, चांगला वाटला. मागून पाटील, दादा, आणखी आठ-दहा जण. तरट उचललं तर अडतीस काकड्या कोहळ्यांच्या खांद्यावर मान टाकून पडल्या होत्या. कोहळी मात्र ताठ.

"बाप्पा," कोणीतरी म्हणालं, "नवरे जिते आन नवऱ्या मेल्या."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी वाकून एक जोड बघितला, बोटाने चाचपला. "बांधलंय फार छान," ते म्हणाले. "कोणी बांधलं? मूळ कधी कापलं, आबा? काही नोंद ठेवली आहे का?"

वही माझ्या पदराखाली होती. हात लांब करायचा होता, बोलायचंही नव्हतं. साहेबांना वाचता येत होतं. मी हात हलवला असावा, कारण त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण मी त्या सकाळी काय लिहिलं असेल हे त्याला समजलं होतं.

"नोंद कायची, साहेब," तो म्हणाला. "इटाय झाला. हे बाई बाहेरची असून वेलात येत होती. बांधलं त्या दिवशीबी तशीच आली. मी हजार बार सांगतलं, येऊ नको वं, येऊ नको. माहा घात केला हिनं."

आणि त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. सरळ.

मग जे व्हायचं ते झालं.  एका माणसाने दोन पावलं मागे घेतली, त्याची सावली माझ्यावर पडत होती म्हणून. दादा जमिनीकडे बघत होता. साहेबांनी मान फिरवली, त्यांना फार अवघडलं असावं. "बरं, पुढच्या खेपेस बघू," म्हणाले आणि दमणीकडे गेले. ते पुन्हा कधी आले नाहीत. माझ्या हातात वही होती. ती मी दिली असती तर? हे मी इतक्या वेळा स्वतःला विचारलं आहे की आता त्या प्रश्नात काही उरलं नाही. मी दिली नाही. मी पदर डोक्यावर ओढला आणि घरी आले.

दादा मला एवढंच म्हणाला, "दोन वर्ष? दोन वर्ष जात होती तशीच?" वहिनीने गोठ्याजवळची माझी सगळी भांडी वेगळी केली, त्या चार दिवसांपुरती नाही, कायमची. त्या वर्षी गावात ज्याच्या मांडवावर दोडकं वाळलं, ज्याचं वांगं किडलं, त्याने माझं नाव घेतलं. भाजीपाल्यात मला कोणी कामाला बोलावीना. फक्त ज्वारी सोंगायला आणि पऱ्हाटीत कापूस वेचायला. लग्नाच्या घरी हळद दळायला इतर बायका बसत, मला लांबूनच निवडायचं सूप देत. नवऱ्याने टाकलं तेव्हा लोक निदान कीव करत होते.

त्याला मात्र कोणी काही म्हटलं नाही. बिचाऱ्याचा बाईने घात केला, असं म्हणत. आठवडाभरात चावडीवर तो पुन्हा पत्रक हातात धरून बसू लागला.

उन्हाळ्यात एक दिवस कोतवाल एका टोपलीत चार काकड्या घेऊन आला. "कलम्यानं धाडल्या. म्हणे, त्या दोन द्रोणाच्या होत म्हणून सांगजो." म्हणजे त्याला तरटाखालचे ते दोन सापडले होते. त्यांची पाठवणी त्याने वेळेवर केली होती. त्याला सगळं समजलं होतं आणि त्याने काकड्या पाठवल्या होत्या. वहिनीने टोपली उंबऱ्याबाहेरच बैलापुढे उलटी केली. एक घरंगळत माझ्याकडे आली. मी गोठ्यात बसून ती खाल्ली, शेंडा न घासता. गोड होती. ती कडू निघाली असती तर बरं वाटलं असतं.

आठ-नऊ वर्षं गेली. पुतण्याने विहिरीजवळचे वाफे मोडून तिथे कडब्याची गंजी लावली. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोती पडले आणि पुतण्याने त्याला गावातल्या घराच्या मागच्या पडवीत आणून ठेवलं. कोट अजून अंगावर होता. वस्तरा पुतण्याने काढून घेतला होता.

एका दुपारी तो काठी टेकत आमच्या ओसरीपर्यंत आला. मी ज्वारी निवडत होते. त्याने हाक मारली, "मास्तरीण."

 सुपातले दाणे वाजायचे थांबले, त्यावरून त्याला कळलं मी कुठे आहे. तो चाचपडत आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.

"वही आहे का तुह्यापाशी?"

"आहे."

"त्या दिवशी, इहिरीवर बसून, तू काही लिवत होती. मी पाह्यलं होतं. काय लिवलं होतं?" मी सूप बाजूला ठेवलं. "तेवढं पान वाच. मले ऐकू दे एक डाव."

आणि त्याने मान वाकडी केली आणि कान माझ्या तोंडाजवळ आणला. कानात पांढरे केस उगवले होते. पहिल्या दिवशी बसला होता तसाच बसला होता. पेटी चार हातांवर होती. ते पान मला पाठ होतं, पेटी उघडायचीही गरज नव्हती. मी वाचलं असतं तर तो काय म्हणाला असता, हे मला माहीत नाही. कदाचित तो चावडीवर जाऊन बोलला असता. कदाचित त्याला फक्त स्वतःच्या मनाचं ओझं उतरवायचं होतं, आणि ते उतरवायलाही माझाच आवाज पाहिजे होता.

"मले वाचता येत नाई आता, आबाजी," मी म्हटलं.

मोठ्याने म्हटलं. इतक्या मोठ्याने की वहिनी आतून बाहेर आली, कोण बोललं बघायला.

तो दचकला. कान मागे घेतला. काठीवर हनुवटी टेकली. वहिनी आत गेली. मग तो म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज बारीक होता, मलाच पुढे वाकावं लागलं:

"मलेबी नाई येत, मास्तरीण. कवाच नाई आलं."

"माह्यीत आहे," मी म्हटलं.

तो उठला. कोटाच्या खिशातून एक पुरचुंडी काढून ओसरीवर ठेवली. कोहळ्याचं बी होतं. त्याच पावसाळ्यात तो गेला. बी मी पेरलं नाही. टाकलंही नाही. पेटीत वहीच्या शेजारी आहे. इतक्या वर्षांनी ते उगवणार नाही हे मला माहीत आहे, बियाण्याचं मला कळतं.

आता ते पान इथे उतरवते. तेव्हा शिसपेनने लिहिलं होतं, पुसत चाललं आहे.

"माघ, मंगळवार. जोड चाळीस, सगळे जिवंत. आज आठवा दिवस. साहेब येणार म्हणून आबाजींनी आज मुळं कापली. पाच दिवस आधी. मी नको म्हटलं. हळू म्हटलं, पण त्यांना ऐकू गेलं."

एवढंच वाचायचं होतं.